रंग खलणाऱ्या हातांचा इतिहास

गुलामाला मुक्ती मिळाली की इतिहासकार आधी मालकाच्या औदार्याचे गोडवे गातात. गुलामाच्या स्वतःच्या कर्तृत्वाला मात्र चार ओळीही मिळत नाहीत. स्पेनचे चित्रकार हुआन दे परेखा यांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

परेखा यांचा जन्म १६०८च्या सुमारास आंतेकेरा येथला. राजदरबारचा चित्रकार वेलास्केझ याचे ते गुलाम होते. रंग खलायचे, चित्राचे कापड तयार करायचे, हेच त्यांचे काम. चरित्रकार पालोमिनो याने १७२४ साली लिहून ठेवले, की धनी त्यांना कुंचल्याला हात लावू देत नसे, म्हणून ते चोरून चित्रकला शिकले. पुढे राजा चौथा फिलिप याने त्यांचे चित्र पाहिले आणि त्यांना मुक्त करवले. राजाच्या कृपेची ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

कागदपत्रे मात्र वेगळेच सांगतात. १६५० साली रोममध्ये वेलास्केझने परेखा यांचे तैलरंगातील व्यक्तिचित्र काढले. पांढरी कॉलर, सावळा चेहरा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना थेट भिडणारी नजर! रोमने त्या चित्राची वाहवा केली, तेव्हा चित्रातला माणूस गुलामच होता. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला मुक्तिपत्र झाले, तेही आणखी चार वर्षे चाकरी करण्याच्या अटीवर. हे कसले औदार्य?

तैलरंगात माणूस जिवंत करणे सोपे नाही. सावलीचा पातळ थर, उजेडाचा जाड थर, त्वचेचा नेमका रंग हे सारे नजर आणि हात झिजवूनच येते. परेखा यांनी ती विद्या मिळवली. १६६१ साली त्यांनी संत मॅथ्यूच्या प्रसंगाचे सव्वातीन मीटर रुंदीचे चित्र रंगवले. ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात डाव्या कडेला परेखा स्वतः ताठ उभे आहेत आणि त्यांच्या हातातल्या कागदावर त्यांचीच सही आहे.

वेलास्केझने काढलेले परेखांचे चित्र १९७० साली लिलावात २३ लाख पौंडांवर गेले. परेखांनी काढलेल्या चित्रांची उपेक्षाच झाली. आर्तुरो शोम्बर्ग या कृष्णवर्णीय अभ्यासकाने १९२६ साली स्पेन गाठून ती शोधली. अखेर २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने परेखांच्या नावाने प्रदर्शन भरवले.

दुसऱ्याने आपले चित्र कितीही सुंदर काढले, तरी त्याखाली सही त्याचीच असते. म्हणून आम्ही समाजबांधवांना सांगतो : आपल्या मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुंचलाही द्या. आपला चेहरा आपणच रंगवू आणि खाली सहीही आपलीच करू!