'प्लाझ्मा'चे नामकरण करणारा संशोधक

दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्यात कृत्रिम पाऊस पाडण्यासाठी २०१५ आणि २०१९ मध्ये चिकलठाणा विमानतळावरून विमानांनी उड्डाणे केली. ढगांत बीजारोपण करण्याच्या या तंत्राचा उगम अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या प्रयोगशाळेत झाला. मात्र, लँगम्यूर यांचे अधिक चिरस्थायी कार्य आकाशात नव्हे, तर काचेच्या बंद नळीत घडले. विरळ वायूतून वीज वाहताना नेमके काय होते, याचा उलगडा त्यांनी केला.

लँगम्यूर यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. १९०३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून धातुअभियांत्रिकीची पदवी घेऊन ते जर्मनीतील गटिंगेनला गेले. तेथे १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि १९०९ मध्ये ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. विजेचे दिवे आतून काळे का पडतात, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. तापलेल्या टंगस्टनच्या तारेचे बाष्पीभवन होते आणि दिव्यात निष्क्रिय वायू भरल्यास ते मंदावते, हे त्यांनी दाखवून दिले. पृष्ठभाग रसायनशास्त्रातील संशोधनासाठी १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले.

दिव्यांच्या अभ्यासातूनच ते वायूतील विद्युत विसर्गाकडे वळले. कमी दाबाच्या वायूतून वीज गेली की काही अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धनभारित आयन मागे उरतात. या मिश्रणाला १९२८ मध्ये त्यांनी 'प्लाझ्मा' हे नाव दिले. एक बारीक तार त्यात बुडवून इलेक्ट्रॉनचे तापमान आणि घनता मोजण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. 'लँगम्यूर प्रोब' या नावाने ती आजही वापरात आहे. हलके इलेक्ट्रॉन भिंतीकडे आधी धाव घेतात, त्यामुळे भिंत ऋणभारित होते आणि तिच्यालगत धन आयनांचा पातळ, अंधारा थर तयार होतो. या आवरणाचे गणितही त्यांनी मांडले.

आज संगणकाच्या चिपवर सूक्ष्म नक्षी कोरताना हेच आवरण निर्णायक ठरते. त्यासाठीच्या एका प्रकारच्या यंत्रात दोन समांतर धातूपट्ट्यांमध्ये अतिविरळ वायू असतो आणि त्याला एकाच वेळी दोन वारंवारितांचा वीजपुरवठा केला जातो. उदाहरणार्थ, ६० आणि २ मेगाहर्ट्‌झ. आयन किती निर्माण व्हावेत हे मुख्यत्वे उच्च वारंवारिता ठरवते, तर ते किती जोराने आदळावेत हे कमी वारंवारिता. दाब फार कमी असेल, तर इलेक्ट्रॉनची अणूंशी क्वचितच टक्कर होते. मग त्यांना ऊर्जा मिळते ती मागेपुढे हलणाऱ्या आवरणाकडून. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू अधिक वेगाने परततो, तसाच हा प्रकार. कमी वारंवारितेचा दाब वाढवला, की आवरण जाड होते आणि आयनांची संख्याही बदलते. म्हणूनच ही दोन नियंत्रणे परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र राहत नाहीत.

१९४६ मध्ये लँगम्यूर यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी शुष्क बर्फाने, तर बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडने अतिशीत ढगांत हिमकण तयार करता येतात, हे दाखवले. या शोधाने भारावलेल्या लँगम्यूर यांनी न्यू मेक्सिकोतील बीजारोपणाचा परिणाम अमेरिकेच्या दूरवरच्या भागातील पावसावर झाल्याचा दावा केला. हवामानतज्ज्ञांनी तो मान्य केला नाही. विशेष म्हणजे, संशोधक स्वतःचीच फसवणूक कशी करून घेतात, यावर १९५३ मध्ये त्यांनीच गाजलेले व्याख्यान दिले होते!

१६ ऑगस्ट १९५७ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले. बंद नळीत त्यांना प्रत्येक घटक बदलून पुन्हा मोजता येत होता. ढग मात्र दुसऱ्यांदा तसाच येत नाही. बीज टाकले नसते, तर किती पाऊस पडला असता, हा प्रश्न म्हणूनच अवघड राहिला. कृत्रिम पावसाच्या प्रत्येक दाव्याला आजही आधी याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.