रेडिओवरचे बाबासाहेब : देव नसलेल्या विचाराला मिळालेली वेळ

धम्मगिरीवर शिकवतात तो धर्म आहे की नाही, हा प्रश्न इगतपुरीकरांना नवा नाही. १९७६ पासून देशोदेशीचे साधक इथे येतात आणि दहा दिवस मौनात राहतात. विपश्यना कोणत्याही संप्रदायाची नाही असे त्यांना सांगितले जाते, आणि परतताना कुणाचाही धर्म बदललेला नसतो. सरकारी रेडिओपुढेही हाच प्रश्न असतो, पण तिथे तो वेळापत्रकाचा प्रश्न होतो. पहाटे भक्तिसंगीत, सणाला सणाचा कार्यक्रम. मग ज्याच्या विचारात देवच नाही त्याला कोणती वेळ द्यायची? या प्रश्नाचे एक उत्तर ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवर ऐकायला मिळाले. बोलणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचे घर काही निरीश्वरवादी नव्हते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी, घरात भजन-अभंगांचा रोजचा पाठ. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून त्यांनी वडिलांनाच प्रश्न केला, की रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धांचे साहित्य आजवर का दिले नाही? पुढे कोलंबिया, लंडन, पदव्या, बॅरिस्टरी हे सारे आपल्या वाचकांना पाठ आहे.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. विचार असणे आणि तो लोकांच्या कानावर पडणे यांतले अंतर बाबासाहेबांनी फार लवकर अनुभवले होते. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. दुसऱ्याच्या माध्यमात जागा नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःची पत्रे काढली : १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’. छापखाना उधारीपाधारीवर चालवता येत होता, पण रेडिओचे तसे नव्हते. तो सरकारचा होता आणि एकच होता.

नाशिक जिल्ह्याशी त्यांचे नाते याच काळात घट्ट झाले. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मुंबईहून नाशिकला येणारी गाडी घाट चढून इगतपुरीला थांबे, विजेचे इंजिन काढून तिथे वाफेचे जोडले जाई आणि गाडी पुढे निघे. याच मार्गाने सत्याग्रहाची माणसे ये-जा करत राहिली. पाच वर्षे झाली तरी देवळाचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी लढवलेल्या एका खटल्याची आठवण आपल्याकडे फार कमी काढली जाते. ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक र. धों. कर्वे हे उघड निरीश्वरवादी होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला. पण ज्याच्या मागे ना जात, ना पंथ, ना मतदार, अशा एकट्या बुद्धिवाद्याला बोलण्याचा हक्क आहे, हे त्यांनी कोर्टात मांडले होते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी मुंबई केंद्रावरून कामगार आणि महायुद्ध या विषयावर बोलले. ते मंत्र्याचे भाषण होते. १९५४ मध्ये मात्र त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते. १९५२ ची लोकसभा निवडणूक ते हरले होते, भंडाऱ्याची पोटनिवडणूकही. मधुमेहाने शरीर थकले होते. रेडिओने त्यांना स्वतःचे जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगायला बोलावले. बुद्धजयंती नव्हती.

त्यांनी काय मांडले? प्रत्येक माणसाला स्वतःचे आचरण मोजण्यासाठी काही माप हवे, इथून सुरुवात. मग नकार : सांख्यांच्या त्रिगुणांवर बेतलेले गीतेतले सामाजिक तत्त्वज्ञान आपण नाकारतो, कारण त्याने जातिव्यवस्थेला आणि चढत्या-उतरत्या विषमतेला नियम बनवले. मग स्वीकार : स्वातंत्र्य, समता आणि बंधुता. ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी आणलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून आली, हे त्यांनी बजावून सांगितले. कायदा स्वातंत्र्य-समतेचे रक्षण करतो, पण कायदा मोडला जाऊ शकतो. खरा आधार बंधुतेचाच, आणि बंधुता म्हणजेच धर्म. संविधानातला राजकीय आदर्श आणि लोकांच्या घरातला सामाजिक आदर्श एकमेकांविरुद्ध आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. सरकारी रेडिओवरून इतके थेट बोलणे आजही क्वचितच ऐकू येते.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी १९५५ मध्ये, बीबीसीवर मार्गारेट नाइट या मानसशास्त्राच्या अध्यापिकेने धर्माविना नीती या विषयावर दोन भाषणे दिली. मुलांना देवाचा आधार न देताही चांगले वळण लावता येते, एवढेच त्यांचे म्हणणे. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. मे १९५६ मध्ये त्याच बीबीसीने बाबासाहेबांना बौद्ध धम्म का आवडतो ते सांगायला बोलावले. प्रज्ञा, करुणा, समता ही तीन तत्त्वे सांगून, समाजाला देव वा आत्मा वाचवू शकत नाही, असे त्यांनी तिथे ठणकावले. त्यावर तसा गदारोळ झाला नाही. माझ्या मते याचे कारण सरळ आहे : त्यांच्या विचारावर ‘बौद्ध’ ही पाटी होती. बाईंकडे तशी पाटी नव्हती.

इथे आपणही थोडे सावध राहायला हवे. बुद्धिवादी मित्रांना बाबासाहेब पूर्णपणे आपले म्हणता येणार नाहीत, कारण आपल्या तत्त्वज्ञानाची मुळे धर्मात आहेत हे त्यांनीच सांगितले. पण त्यांना केवळ ‘एका धर्माचे प्रतिनिधी’ म्हणून बुद्धपौर्णिमेच्या आणि ६ डिसेंबरच्या कार्यक्रमात बसवणे हेही त्या भाषणाला सोडून आहे. आकाशवाणीचे ब्रीद बहुजनांच्या हिताचे आणि सुखाचे आहे, आणि ते शब्द थेट बुद्धांनी पहिल्या भिक्खूंना चारिकेला पाठवताना केलेल्या उपदेशातले आहेत. (आकाशवाणी या नावात मात्र देवाचा आवाज लपला आहे, ही गंमतच.) धर्म वा जमातींवर हल्ला करू नये असा नियम तिच्या संहितेत पुढे आला. तो योग्यच आहे. पण चिकित्सा म्हणजे हल्ला नव्हे, हे न मानता तो नियम लावला तर १९५४ चे ते भाषणही अडकेल. आपण आपल्या समाजासाठी वेळ मागतो, तेव्हा ज्याला जयंती नाही, विहार नाही, अशा नास्तिकासाठीही मागायला हवी. कर्व्यांसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले होते, ते कर्वे बौद्ध होते म्हणून नव्हे.

बीबीसीच्या त्या भाषणानंतर बाबासाहेबांना जेमतेम सात महिने मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत २६, अलिपूर रोड येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली त्यांच्या पश्चात छापून आला. धर्म आणि धम्म यांत फरक काय, यासाठी त्यात एक अख्खा खंड आहे.