मॅकॅडमची खडी आणि टोलनाक्याचा हिशेब

सिव्हिलच्या व्हायव्हात हा प्रश्न हमखास असतो. डब्ल्यूबीएम म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, इथपर्यंत सगळे धडाधड सांगतात. मग सर विचारतात, मॅकॅडम म्हणजे काय? निम्मी बॅच छताकडे बघते. (अस्मादिकही बघत बसले होते.) तर मंडळी, मॅकॅडम हा एक माणूस होता. आणि गंमत म्हणजे इंजिनिअरिंग शिकलेला नव्हता, चांगला मुरलेला व्यापारी होता. म्हणूनच असेल, रस्त्यातल्या खड्ड्याइतकाच त्याला तिजोरीतला खड्डाही दिसला.

जॉन लाउडन मॅकॅडमचा जन्म १७५६ सालचा, स्कॉटलंडमधल्या एअर गावचा. घराणं मोठं, पण पैसा आटत चाललेला. वडील वारले आणि १७७० मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला न्यूयॉर्कला काकांकडे धाडलं. तिथे व्यापारात त्याने बक्कळ कमावलं. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो पडला इंग्रजांच्या बाजूचा. इंग्रज हरले, बरंचसं तिथेच गेलं, आणि १७८३ मध्ये उरलेलं घेऊन तो गावाकडे परतला. सॉक्री इथे जमीनजुमला घेतला आणि जमीनदार या नात्याने तिथल्या टर्नपाइक ट्रस्टचा विश्वस्त झाला.

आता ही ट्रस्टची भानगड समजून घ्यायला हवी, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. इंग्लंडात १५५५ च्या कायद्याने रस्तेदुरुस्ती गावाच्या गळ्यात मारली होती. गावकऱ्यांनी वर्षातले चार दिवस, पुढे सहा दिवस, फुकट राबायचं. लोक यायचे, दोन पाट्या माती टाकायचे आणि गप्पा मारून घरी जायचे. त्यांचं तरी काय चुकलं? रस्ता उखडायच्या लांबून येणाऱ्या परक्यांच्या गाड्या, आणि घाम गाळायचा यांनी! म्हणून संसद एकेका रस्त्यासाठी वेगळा कायदा करू लागली. त्या टापूतले जमीनदार-व्यापारी मिळून ट्रस्ट करायचा, साधारण २१ वर्षांसाठी. नाका उभारायचा, आडवा दांडा लावायचा, टोल घ्यायचा, त्या टोलवर कर्ज काढायचं आणि रस्ता ठीक ठेवायचा. जो वापरेल तो भरेल, आणि इथला पैसा इथेच लागेल. कागदावर एकदम झकास.

प्रत्यक्षात ट्रस्ट झाले चिमुकले आणि ढीगभर. मॅकॅडमच्या उतारवयात ते हजाराच्या घरात होते. प्रत्येकाचा वेगळा कारकून, वेगळा खजिनदार, वेगळा सर्व्हेअर. सर्व्हेअर बहुधा तुटपुंज्या पगारावरचा, रस्त्यातलं फारसं न कळणारा. टोलवसुलीचा लिलाव व्हायचा. आलेला पैसा व्याजात आणि पगारात जिरायचा, खडीपर्यंत पोचायचा थोडाच. एका ट्रस्टचा रस्ता बरा, तर हद्द ओलांडली की चिखल. यावर सरकारचा उपाय काय, तर गाड्यांच्या चाकांची रुंदी आणि वजन यांवर नियम! मॅकॅडमचं म्हणणं उलट होतं. गाड्या येणारच, त्यांना झेपेल असा रस्ता करा.

त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चाने हजारो मैल रस्ते पालथे घातले. १८१६ मध्ये, साठीला टेकल्यावर, तो ब्रिस्टल ट्रस्टचा सर्व्हेअर झाला. आपण साठीत पेन्शनच्या रांगेत उभे असतो. या गड्याचं करिअर तिथे सुरू झालं.

त्याची पद्धत साधी. खाली मोठे दगड रचायचे नाहीत, कारण भार पेलते ती खालची कोरडी जमीन. म्हणून रस्ता आजूबाजूच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर घ्यायचा, पाणी बाजूला काढायचं, आणि वर सुमारे दहा इंच फोडलेली खडी. एकही खडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नको. माती मिसळायची नाही. खडे कोनांत कोन अडकून आपोआप घट्ट बसतात. खडा तोंडात मावतो का हे मजुरांना बघायला सांगत, आणि एका बोळक्या म्हाताऱ्याची खडी त्यामुळे मोठीच निघाली, असं सांगतात. शब्दशः दंतकथा! डांबराचं मात्र नाव नाही. पूर्वी या माणसाचा डांबराचा कारखाना होता, तरी खडीवरचा टारमॅक आला थेट १९०२ च्या पेटंटने.

हिशेबाच्या दृष्टीने मोठी चलाखी वेगळीच. नवा दगड आणायचाच कशाला? जुन्या रस्त्यात पुरलेले धोंडे उकरा, फोडा, तेच पसरा. खडी बसून फोडायची असल्याने बायका, म्हातारे, पोरंही मजुरी मिळवू लागली. वाहतुकीचा खर्च गेला आणि तो पैसा गावातल्या गरिबाच्या हातात पडला.

१८१९ आणि १८२३ मध्ये संसदेच्या समित्यांनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. त्याची मुलंही बऱ्याच ट्रस्टांची कामं बघत, तेव्हा घरचाच धंदा झाला अशी टीका झाली. अगदीच खोटी म्हणता येणार नाही. त्याला मात्र पगारी, जाणकार सर्व्हेअर हवे होते आणि चिमुकले ट्रस्ट एकत्र करायचे होते. १८२६ मध्ये लंडनला, थेम्सच्या उत्तरेचे ट्रस्ट एक झाले. काम मुलगा जेम्सकडे आलं. इतरत्र आपापला नाका सोडायला कोणी तयार होईना. 'सर' ही पदवी म्हाताऱ्याने वयामुळे नाकारली, ती १८३४ मध्ये जेम्सला मिळाली. मॅकॅडम १८३६ मध्ये मॉफट इथे वारला. तोवर रेल्वे आली होती आणि टोलचं उत्पन्न घसरायला लागलं होतं.

तीनच वर्षांनी वेल्समध्ये भडका उडाला. शेतात टाकायचा चुना आणताना शेतकऱ्याला नाक्यामागून नाका भरावा लागे. रात्री पुरुष बायकांचे कपडे घालून येत आणि नाके फोडत. 'रिबेकाचे दंगे' म्हणून ते प्रसिद्ध आहेत. मग १८४४ मध्ये दक्षिण वेल्सचे ट्रस्ट मोडून जिल्हावार मंडळं नेमली गेली. बाकीचे ट्रस्ट एकेक करून बंद होत गेले. शेवटचा नाका उठला १८९५ मध्ये, अँग्लसी बेटावर.