शीना मार्शल : अंड्यांमागचे अन्न शोधणारी संशोधक

कॅलॅनस हा समुद्रातला तांदळाच्या दाण्याएवढा कवचधारी जीव. हेरिंगसारखे मासे त्याच्यावर जगतात. त्याची संख्या घटली, की मासेमारीलाही झळ बसते. ही संख्या कशावर ठरते, याचा शोध शीना मार्शल यांनी घेतला.

स्कॉटलंडमधील रॉथसे येथे १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला. ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेऊन १९२२ मध्ये त्या मिलपोर्टच्या सागरी संशोधन केंद्रात रुजू झाल्या. तेथे रसायनतज्ज्ञ ए. पी. ऑर यांच्यासोबत त्यांनी अनेक दशके काम केले.

वसंतात डायअ‍ॅटम या एकपेशीय शैवालांना बहर येतो, त्याच सुमारास कॅलॅनसची अंडीही वाढतात, असे दोघांना दिसले. प्रयोगशाळेत माद्यांना उपाशी ठेवले, तेव्हा अंडी घटली. शैवाल मिळताच ती पुन्हा वाढली. मात्र सगळीच शैवाले सारखी उपयोगी पडली नाहीत. पुढे किरणोत्सारी फॉस्फरस शोषलेले शैवाल खाऊ घालून त्यांनी अन्नाचा अंड्यांपर्यंतचा माग काढला.

दुसऱ्या महायुद्धात जपानहून येणारे अगार बंद झाले. जिवाणू वाढवण्यासाठी ते लागतेच. तेव्हा या जोडीने ब्रिटिश किनाऱ्यावरील समुद्रशैवालांत पर्याय शोधला.

ऑर १९६२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी मार्शल रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांसाठी असे जीव वाढवताना आधी त्यांच्या शैवालाची निवड केली जाते.