हिराबाईंनी फेडलेले ऋण

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या शिक्षकाची वा कारकुनाची मुलगी आज शालेय स्नेहसंमेलनात तंबोरा मागे ठेवून ख्याल गाते, तेव्हा सभागृहातील कोणाच्याही मनात तिच्या कुलशीलाविषयी शंका येत नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेचा अर्ज भरताना तिच्या वडिलांना शेजाऱ्यापाजाऱ्यांचे भय वाटत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कधी काळी अशक्यप्राय होती याचेच विस्मरण झाले आहे. हा बदल काळाच्या ओघात आपोआप घडला, असे मानण्याकडे समाजाचा कल असतो. वस्तुतः असे बदल कोणीतरी किंमत मोजून घडवून आणलेले असतात. किराणा घराण्याच्या थोर गायिका हिराबाई बडोदेकर यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणण्यासारखे आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेचा. वडील खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, म्हणजे किराणा गायकी महाराष्ट्राच्या कानामनात रुजविणारे थोर कलावंत. आई ताराबाई माने या बडोद्याच्या. पुढे आईवडिलांची फारकत झाली आणि ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाली, सकीना सरस्वती झाली. हे घर तेव्हाच्या पांढरपेशा समाजाच्या कोणत्याच चौकटीत बसणारे नव्हते. प्रतिष्ठा ही त्यांना वारशाने मिळालेली वस्तू नव्हती. ती त्यांना पैपैने मिळवावी लागली. हिराबाईंच्या साऱ्या आयुष्याचे मर्म येथेच आहे.

गाण्याची तालीम त्यांना बंधू सुरेशबाबूंकडून व खाँसाहेब अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळाली. संथ लयीत एकेका स्वराला गोंजारत राग उलगडत न्यावयाचा, हे या गायकीचे वैशिष्ट्य. हिराबाईंच्या स्वच्छ, सुरेल आणि निर्मळ आवाजाला ती विलक्षण मानवली. परंतु गाणे येणे वेगळे आणि स्त्रीने ते चारचौघांत गाणे वेगळे. त्या काळी गाणारी स्त्री म्हटली की ती कोणाच्या तरी हवेलीत, निवडक धनिकांपुढे गाणारी, असाच समज दृढ होता. हिराबाईंनी हा रिवाज मोडला. पुरुष गवयाप्रमाणे व्यासपीठावर बैठक मांडून, हातवारे व हावभाव टाळून, केवळ स्वरांच्या बळावर त्यांनी श्रोत्यांना सामोरे जाणे पसंत केले. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. तिकिटाचा अर्थ केवळ आर्थिक नव्हता. तिकीट काढून येणारा श्रोता हा आश्रयदाता नसतो, तो रसिक असतो. दोन घटका तो गाणे विकत घेतो, गाणारीला नव्हे. हा सूक्ष्म भेद त्या लहानशा कागदाने प्रस्थापित केला.

मैफलीहूनही अवघड आघाडी होती ती रंगभूमीची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून महाराष्ट्राला स्वतःचे संगीत नाटक लाभले. युरोपला जसा ऑपेरा, तसे मराठी माणसाला हे नाटक. परंतु त्यातील नायिका पुरुषच रंगवीत. यात मराठी समाज एकटा होता असेही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोपच्या अमलाखालील रोममध्ये स्त्रियांना रंगभूमीवर मज्जाव होता आणि त्यांच्या भूमिका पुरुष गायक करीत. येथे तर बालगंधर्वांसारखा अलौकिक कलावंत स्त्रीभूमिकेत उभा असल्यामुळे, स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी असे रसिकांना वाटण्याचे कारणच उरले नव्हते. स्त्रियांच्या काही नाटक मंडळ्या होत्या, परंतु त्यांतील पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. स्त्री आणि पुरुष यांनी एकाच रंगमंचावर, आपापल्या भूमिकांत उभे राहणे हे शिष्टसंमत नव्हते.

अशा वेळी, १९३०च्या सुमारास, ताराबाईंनी आपल्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली आणि आपल्या मुलींना रंगभूमीवर आणले. ‘सौभद्रा’तील सुभद्रा हिराबाई झाल्या. स्त्रीच्या कंठातून आलेले सुभद्रेचे गाणे ऐकणे हा अनेक प्रेक्षकांना अगदी नवा अनुभव होता. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने स्त्रीभूमिका स्त्रीने करण्याचा पायंडा पाडला, असे नाट्येतिहास सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्या आधी याच वाटेवरून माने-बडोदेकर भगिनी चालून गेल्या होत्या, याची नोंद तितक्या ठळकपणे होत नाही.

ही नाट्यशाखा फार काळ टिकली नाही. बोलपटाचे दिवस आले होते. मोठमोठ्या मंडळ्यांचेही कंबरडे मोडत होते. संस्था बंद पडली आणि मागे कर्ज उरले. हे कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. त्यांच्या कीर्तीचा इतिहास सांगताना सन्मानांची यादी नेहमी दिली जाते. १९६५ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० सालचा पद्मभूषण यांचा उल्लेख होतो. परंतु गावोगावी बैठका करून फेडलेले ते कर्ज हा त्यांचा सर्वांत मोठा सन्मान मानावयास हवा. प्रयोग फसला तरी शब्द फसू द्यावयाचा नाही, हा तो बाणा होता.

पुढे ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांच्या द्वारे त्यांचा आवाज, जेथे मोठी मैफल कधीच होत नव्हती अशा गावांतही पोहोचला. ख्यालाबरोबर ठुमरी, भजन, नाट्यपद आणि भावगीत यांना त्यांनी एकाच आस्थेने गायिले. भगिनी सरस्वती राणे यांच्यासह त्यांनी केलेले सहगायन रसिकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. १९८९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा गायिकांच्या किमान दोन पिढ्या त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने चालत होत्या.

तथापि, या गौरवात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिराबाईंना समाजाने मान दिला तो त्यांच्या गाण्यासाठी की त्यांच्या सोज्वळ राहणीसाठी? काठाची साडी, डोक्यावरचा पदर आणि मर्यादशील वागणे यांनी पांढरपेशा श्रोता आश्वस्त झाला, हे खरेच आहे. पण ज्या स्त्रियांच्या कुळांनी पिढ्यानपिढ्या हे संगीत जिवापाड जपले, त्यांच्यापैकी कित्येक जणी ही नवी कसोटी लागताच उपेक्षेच्या अंधारात गेल्या. दार उघडणाऱ्या हिराबाईंचा यात दोष नाही. दोष आहे तो दाराशी उभे राहून आत येणारीचे कूळ विचारणाऱ्या समाजाचा. पुरुष गवयाचे व्यसन कलेच्या कौतुकात खपून जाते. गायिकेला मात्र आधी चारित्र्याचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला मागण्याची सवय आजही पुरती सुटलेली नाही.

म्हणूनच हिराबाईंचे स्मरण केवळ जयंती-पुण्यतिथीच्या हारांनी पुरे होत नाही. आपल्या मुलीला गाणे शिकू देणारा बाप लग्न ठरताच तो तंबोरा माळ्यावर टाकतो, तेव्हा त्या उघड्या दाराची एक फळी पुन्हा लोटली जाते. गाणे हा मुलीच्या स्थळासाठीचा अलंकार नसून तिचा व्यवसाय, तिची साधना आणि तिचा हक्क असू शकतो, हे ज्या दिवशी गावोगावच्या घरांतून मान्य होईल, त्या दिवशी हिराबाईंनी आपल्यावर करून ठेवलेल्या ऋणाचा पहिला हप्ता फिटेल. त्यांनी आपले कर्ज फेडले. समाजाचे अजून बाकी आहे.