जखमांचा कैवारी : जोसेफ लिस्टर

मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले की बहुधा पाय कापावा लागे, असा तो काळ होता. १८२७ साली इंग्लंडमधील क्वेकर कुटुंबात जन्मलेले जोसेफ लिस्टर ग्लासगो येथे शस्त्रवैद्य होते. जखम सडते ती सूक्ष्मजंतूंमुळे, हे त्यांनी पाश्चर यांच्या संशोधनावरून ताडले. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीखाली पाय सापडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड सांधले, पाय वाचला. पुढे हात व हत्यारेही ते त्याच द्रावणाने जंतुरहित करू लागले. न दिसणाऱ्या जंतूंची अनेकांनी थट्टा केली. लिस्टर ढळले नाहीत. १९१२ साली ते निवर्तले. आजाऱ्याची जखम बांधण्यापूर्वी आपण हात धुता, तेव्हा त्यांचाच धडा गिरवता.