एका खिट्टीची किमया

खिडकीतून उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ लागली की माणूस उठतो, पडदा खाली ओढतो आणि पुन्हा आपल्या कामास लागतो. एवढ्याशा कृतीमागे कोणाची तरी बुद्धी खर्ची पडली असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आगगाडीचे इंजिन, विजेचा दिवा, तारायंत्र यांच्या जनकांची नावे जगाने आदराने ध्यानात ठेवली; परंतु रोजच्या वापरातील साध्यासुध्या वस्तूंचे दोष ज्यांनी दूर केले, त्यांची आठवण फार थोड्यांना राहते. अमेरिकेतील स्टीवर्ट हार्ट्सहॉर्न हा अशांपैकीच एक. एके काळी त्याच्या देशात त्याचे नाव घरोघरी माहीत होते आणि ते वाचण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नसे. खिडकीच्या पडद्याकडे पाहिले तरी पुरे होई.

हार्ट्सहॉर्नचा जन्म १८४० साली झाला. तो काळ अमेरिकेत मोठ्या उलथापालथीचा होता. नवी शहरे उभी राहत होती, आगगाडीचे रूळ दूरवर पसरत होते आणि नवनव्या कारखान्यांतून धुराचे लोट निघत होते. घरांच्या बांधणीतही पालट होत होता. घरांना मोठाल्या काचांच्या खिडक्या बसविण्याची चाल वाढत होती. काचेतून उजेड भरपूर येई. पण त्याबरोबर ऊनही येई. त्या उन्हाने भिंतींवरचे रंगीत कागद आणि जमिनीवरचे गालिचे विटून जात. रात्री दिवे लागले की रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातील सारे दिसे. म्हणून खिडकीला पडदा हवाच होता, आणि तो हवा तेव्हा खाली येणारा व नको तेव्हा वर जाणारा हवा होता.

अशा पडद्यासाठी लोकांनी एक युक्ती योजली होती. खिडकीच्या वरच्या बाजूस एक लाकडी रूळ आडवा बसवावयाचा आणि त्यास पडद्याचे कापड गुंडाळावयाचे. रूळ एका बाजूस फिरला की कापड खाली येई, उलट फिरला की ते वर गुंडाळले जाई. कल्पना सुरेख होती. पण रूळ फिरवावयाचा कसा आणि हवा तेथे थांबवावयाचा कसा, या दोन प्रश्नांपाशी सारे अडत असे. कोणी हाताने कापड गुंडाळून फितीने बांधून ठेवीत. कोणी रुळाच्या टोकास लहानशी कप्पी बसवून तीवरून दोरी सोडीत आणि ती ओढून पडदा वर नेत. परंतु दोरी झिजे, गुंते, कप्पीवरून निसटे. मग पडदा एका अंगास तिरका लोंबकळत राही आणि घरातील माणसांना खुर्चीवर चढून तो सोडवावा लागे.

यावर आणखी एक उपाय पूर्वीच निघाला होता. पोकळ रुळाच्या आत पोलादी तारेची स्प्रिंग बसविली, तर पडदा खाली ओढताना ती पिळली जाते आणि सोडताच उलगडून पडदा आपोआप वर नेते. हार्ट्सहॉर्नच्या जन्मापूर्वी कितीतरी वर्षे अशा पडद्यांची माहिती कारागिरांना होती. परंतु स्प्रिंगच्या अंगी जोर असला तरी विवेक नसतो. ती पडद्याला वर नेणे जाणते. मध्येच थांबणे जाणत नाही. तिला आवर घालण्यासाठी दात्यांचे चाक आणि त्यात अडकणारी खिट्टी बसवावी लागे, आणि ती खिट्टी सोडविण्यासाठी पुन्हा एक निराळी दोरी लोंबत ठेवावी लागे. म्हणजे एक दोरी टाळण्यासाठी स्प्रिंग आणली, तर तिच्यासाठी दुसरी दोरी दाराशी येऊन उभी राहिली!

हार्ट्सहॉर्नने या अडचणीत लक्ष घातले. तो तेव्हा ऐन तारुण्यात होता. देशात यादवी युद्ध पेटलेले होते. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्ये एकमेकांविरुद्ध लढत होती, आणि पुष्कळांची बुद्धी तोफा, बंदुका आणि युद्धनौका यांच्या सुधारणेत गुंतली होती. अशा काळात हा तरुण खिडकीच्या पडद्याचा विचार करीत होता. १८६४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याला आपल्या पडद्याचे पेटंट मिळाले.

त्याने शोधून काढलेली युक्ती इतकी साधी होती की, ती कळल्यावर ही आपल्याला का सुचली नाही, असे कोणालाही वाटावे. रुळाच्या मधोमध असलेली दांडी त्याने स्थिर ठेवली. तिचे टोक चपटे होते व ते खिडकीवरील आकड्याच्या चपट्या खाचेत घट्ट बसे. त्यामुळे रूळ फिरला तरी दांडी फिरत नसे. या दांडीवर खाच होती. रुळाच्या टोकाशी एक लहानशी सैल खिट्टी होती. रूळ सावकाश फिरत असला, की ती खिट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडून खाचेत अडके आणि रूळ जागच्या जागी थांबे. पडदा खाली ओढताना मात्र खाचेच्या उतरत्या कडेवरून ती घसरून जाई व अडथळा करीत नसे.

मग पडदा वर न्यावयाचा असेल तेव्हा काय होई? पडद्याला खालच्या बाजूस हलकासा हिसका दिला की खिट्टी खाचेतून सुटे. लगेच पडदा सोडला की स्प्रिंगच्या जोराने रूळ गरगर फिरू लागे. गोफण फिरविताना तीतील दगड जसा बाहेरच्या बाजूस ओढ घेतो, तशीच फिरत्या रुळावरील खिट्टीही बाहेरच्या बाजूस फेकली जाई आणि खाचेत पडू शकत नसे. पडदा वर जाऊ लागे. हव्या त्या उंचीवर हाताने त्याचा वेग कमी केला, की खिट्टी पुन्हा आपल्या वजनाने खाली येई व पडदा तेथेच थांबे. पडदा हातून एकदम निसटला, तर मात्र तो फडफडत थेट माथ्यापर्यंत जाई. कारण वेग मंदावल्यावाचून खिट्टी आपले काम करू शकत नसे.

या रचनेत नवी शक्ती कोणतीच नव्हती. वजन असलेली वस्तू खाली पडते आणि वेगाने फिरणारी वस्तू बाहेरच्या बाजूस ओढ घेते, ही निसर्गातील दोन नित्याची सत्ये. हार्ट्सहॉर्नने त्या दोहोंना खिट्टीच्या सेवेस लावले. जे काम करण्यासाठी इतरांनी दोरी वाढविली, ते काम त्याने दोरी काढून टाकून साधले. सुधारणा म्हणजे नेहमी काही जोडणेच नव्हे, नको असलेले वगळणे हीही सुधारणाच होय, हे त्याच्या पडद्याने दाखवून दिले.

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्यास काही वर्षेपर्यंत मिळालेला हक्क. त्या मुदतीत त्याच्या परवानगीवाचून इतरांना ती वस्तू तयार करता येत नाही. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. परंतु हक्क कागदावर असणे निराळे आणि तो राखणे निराळे. हार्ट्सहॉर्नचे पडदे लोकांच्या पसंतीस उतरले, तसे त्यांच्या नकला करणारेही पुढे आले. आपला हक्क शाबीत करण्यासाठी त्याला न्यायालयात जावे लागले. त्याहून परिणामकारक असा दुसरा उपायही त्याने केला. आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रुळाच्या चिठ्ठीवर तो स्वतःची सही छापू लागला, आणि ती सही पाहूनच माल घ्यावा, असे जाहिरातींतून ग्राहकांना सांगू लागला. अशी सही करणे हे एक प्रकारे वचन देणेच होते. पडदा बिघडला तर दोष कोणाचा, हे सहीवरून तत्काळ कळणार होते. ती जोखीम त्याने आनंदाने पत्करली.

पहिल्या यशावर तो विसंबून राहिला नाही. आपल्या रुळात त्याने पुढेही सुधारणा केल्या आणि त्यांची पेटंटे घेतली. पूर्वी पडद्याचे कापड रुळाला चुका ठोकून बसवावे लागे. पुढे त्याच्या कारखान्यात चुका न ठोकता कापड बसविता येईल असे रूळ तयार होऊ लागले. न्यू जर्सी राज्यातील त्याच्या कारखान्यात तयार झालेले रूळ दूरदूरच्या गावी जाऊ लागले. हार्ट्सहॉर्न धनवान झाला.

धन मिळाल्यावर माणसाची खरी पारख होते. नवीन संपत्ती हाती आलेल्या कित्येकांनी त्या काळी शहरात टोलेजंग वाडे बांधले. हार्ट्सहॉर्नच्या मनात निराळेच स्वप्न घोळत होते. त्याला एक गाव वसवावयाचे होते. न्यूयॉर्क शहरापासून सुमारे २० मैलांवर, न्यू जर्सीतील मिलबर्न या भागात, टेकड्यांचा आणि गर्द झाडीचा रमणीय प्रदेश होता. १८७७ साली त्याने तेथे प्रथम १३ एकर जमीन विकत घेतली. पुढे ती वाढत वाढत १,५०० एकरांच्या वर गेली. या वसाहतीचे नाव शॉर्ट हिल्स, म्हणजे ठेंगण्या टेकड्या.

गाव वसविताना बहुधा पहिला घाव झाडांवर पडतो आणि दुसरा टेकड्यांवर. जमीन सपाट करून, सरळ रेघा ओढून रस्ते आखणे सोपे असते. हार्ट्सहॉर्नने ते केले नाही. जमिनीचा चढउतार जसा असेल तसा त्याने रस्ता वळविला. घरे एका साच्यातून काढल्यासारखी न बांधता त्या त्या जागेला शोभतील अशी बांधावी आणि रानाची शोभा बिघडू नये, याकडे त्याचे लक्ष असे. १८७९ साली त्याने स्वतःच्या पैशाने आगगाडीचे स्थानक बांधून दिले. त्यामुळे न्यूयॉर्कला कामासाठी जाणाऱ्यांची सोय झाली. लोकांना एकत्र जमता यावे म्हणून, मॅकिम, मीड आणि व्हाइट या नामांकित वास्तुशिल्पज्ञांकडून त्याने एक संगीतगृहही उभारून घेतले.

या गावात कोणी राहावे हे मात्र तो स्वतः ठरवीत असे. आपल्याशी ज्यांची अभिरुची जुळेल अशीच माणसे शेजारी असावी, असे त्याला वाटे. एवढ्या सुंदर गावाचे दार सर्वांसाठी सारखे उघडे नव्हते, ही त्याच्या स्वप्नाची उणी बाजू मान्य केली पाहिजे. परंतु वनश्री राखूनही गाव वसविता येते, हे त्याने ज्या काळात प्रत्यक्ष करून दाखविले, त्या काळात तसा विचार करणारे लोक फार नव्हते.

पडदा आणि गाव यांचा परस्परांशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु दोहोंच्या मागे एकच दृष्टी होती. पडद्यात त्याने खिट्टीला तिच्या स्वभावाप्रमाणे पडू दिले. गावात त्याने टेकडीला तिच्या स्वभावाप्रमाणे राहू दिले. निसर्गावर बळजोरी करण्यापेक्षा त्याच्याशी जुळवून घेतले तर थोडक्या श्रमात काम साधते, हे त्याने दोन्ही ठिकाणी जाणले होते.

ही दृष्टी त्याच्या मुलीच्या ठायीही उतरली होती. १९२३ साली त्याने आपली कन्या कोरा हिला १६ एकरांहून थोडी अधिक अशी वनभूमी दिली. कोराने ती विकली नाही की तीवर इमले चढविले नाहीत. तिने तेथील झाडे राखली, त्यांतून पायवाटा काढल्या आणि त्या रानाचे वृक्षोद्यान केले. १९५८ साली तिचा मृत्यू झाला, तेव्हा ते रान तिने मिलबर्नच्या लोकांसाठी मागे ठेविले. वृक्षांचे आणि पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून ते आजही राखलेले आहे. मुले तेथे येतात आणि झाडांची ओळख करून घेतात.

स्टीवर्ट हार्ट्सहॉर्नला दीर्घायुष्य लाभले. १९३७ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, त्याने जगाचा निरोप घेतला. त्याच्या तारुण्यात घरोघरी मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे होते; त्याच्या अखेरच्या दिवसांत विजेचे दिवे आणि आकाशवाणी आली होती. एवढ्या काळात कितीतरी यंत्रे आली आणि जुनी होऊन गेली. त्याची खिट्टी मात्र खिडकीवर मुकाट्याने पडत आणि उठत राहिली.

त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, त्याने टाळलेल्या दोरीचा प्रश्न पुन्हा पुढे आला. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांत मान अडकून अजाण बालकांचे प्राण गेल्याच्या दुःखद घटना घडल्या होत्या. तेव्हा २०१८ साली अमेरिकेत असा मानदंड ठरला की, दुकानात तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांना दोरी नसावी, किंवा असली तरी ती मुलांच्या हाती लागू नये. चोवीस वर्षांच्या एका तरुणाने केवळ सोयीसाठी जी दोरी काढून टाकली होती, तिच्या नसण्यात केवढे हित होते, हे दीडशे वर्षांनी अधिक स्पष्ट झाले.

मोठे काम करण्यासाठी नेहमी मोठीच वस्तू हाती घ्यावी लागते असे नाही. बोटाच्या पेराएवढ्या खिट्टीकडेही मन लावून पाहिले, तर तीतून असंख्य माणसांचे रोजचे कष्ट हलके करता येतात. खिडकीचा पडदा हलक्या हिसक्याने वर जातो आणि सकाळचा उजेड घरात पसरतो. त्या उजेडाला वाट करून देणाऱ्यांत स्टीवर्ट हार्ट्सहॉर्नचाही वाटा आहे.